तोंडाकडे बघणारी

आमच्या भिलाईत उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. सायकलच्या मागे खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जुड्या बांधलेला माणूस सेक्टरच्या रस्त्यांवरून "कूलर की घास" असं ओरडत फिरायला लागला, की तो आला. मला त्या ओरडण्यातून आणखी एक गोष्ट कळते, प्रॅक्टिकल जवळ आलं. चौतीस वर्षं मी दुर्गच्या एका मुलींच्या कॉलेजात कथक शिकवते आहे. बाहेरचे परीक्षक दर वर्षी नेमके तेव्हाच येतात, जेव्हा आमच्या हॉलच्या कूलरमध्ये नवी खस नुकतीच भरलेली असते. त्यामुळे माझ्या नाकाला परीक्षा म्हणजे ओल्या खसचा वास. त्यात घुंगरांच्या पितळेचा, मुलींच्या गजऱ्यांचा आणि भीतीचा. भीतीलाही वास असतो, नाच शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

यंदा तो माणूस जरा लवकरच आला. मी व्हरांड्यात चहा घेत बसले होते. फाटकापाशी त्याने सायकल टेकवली, जुडी सोडली आणि तो वास आत आला. मला प्रणालीची आठवण झाली. दर वर्षी होते. ही मुलगी माझ्या एका वाक्यामुळे नाचायची थांबली. ते वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होते, म्हणजे हा माझा शेवटचा मोसम. आता तरी सांगून टाकावं म्हणते.

नाचाच्या परीक्षेला तसं कोणी परीक्षा मानत नाही. स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या बाई दर मार्चमध्ये मला म्हणतात, तुमचं बरं आहे, गठ्ठे तपासायला नकोत, दोन तास टाळ्या वाजवल्या की मोकळ्या. मी हसते. गठ्ठ्यातली मुलगी चुकली तर तिचं चुकणं कागदावर राहतं, घरी नेता येतं, पुन्हा वाचता येतं. आमची मुलगी चुकते ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तिची चूक पुढच्या मात्रेला पुसलीही जाते. नंतर तिच्याकडे बघून नक्की काय झालं ते सांगता येत नाही. एवढं वेगळेपण त्या बाईंना समजावण्याचा माझा स्वभाव नाही. मी आपली चहा पिते.

परीक्षेच्या सकाळी कॉलेजचा मागचा व्हरांडा बघावा. तिथे ओळीने मुली बसलेल्या असतात, कोणी घुंगरू बांधते आहे, कोणी बांधून सोडते आहे, कोणी भिंतीकडे तोंड करून बोल पुटपुटते आहे. आत एक मुलगी नाचत असते आणि बाहेर बाकीच्यांचे पाय तिच्याबरोबर बसल्या बसल्या हलत असतात. पळसाची फुलं तोवर गळून गेलेली असतात. दुपारी पोलादाच्या प्लांटकडून गरम वारा येतो आणि व्हरांड्याच्या कठड्यावर लालसर धूळ बसते. ती बोटाने पुसून मुली तिच्यात मात्रा मांडतात, एक ते सोळा. नववीवर, जिथे टाळी नसते, तिथे शून्य काढतात. मी कितीतरी वेळा त्या धुळीतले शून्य मोजत उभी राहिले आहे.

मीही अशीच शिकले. माझे वडील वर्ध्याकडचे, प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. सेक्टर दोनमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पेरूचं झाड. त्या काळात क्लार्कच्या मुलीने कथक शिकणं म्हणजे शेजारपाजाऱ्यांना आयता विषय होता. पण माझ्या दादाने, थोरल्या भावाने, मनावर घेतलं. रोलिंग मिलमधली पहिली पाळी करून तो घरी यायचा आणि आंघोळही न करता मला स्कूटरवर बसवून क्लासला सोडायचा. त्याच्या शर्टाला लोखंडाचा वास यायचा. वाटेत मी मागे बसून बोल म्हणायचे आणि तो हँडलवर बोटाने ताल धरायचा. ताल नेहमी चुकीचा. सम कधी म्हणून त्याला सापडली नाही बिचाऱ्याला, पण क्लास एकदाही चुकवला नाही.

आमच्या गुरुजींचा एक नियम होता, आणि तोच पुढे माझा झाला. बोल लिहून घ्यायचे नाहीत. तुकडा असो, परन असो, गुरूने तोंडाने म्हणायचा आणि शिष्याने तो ऐकून तोंडात बसवायचा. याला आम्ही पढंत म्हणतो. आधी तोंडात बसतो, मग पायात उतरतो. मीही वर्गात वही उघडू देत नसे. मोबाइल आल्यावर मुली रेकॉर्ड करायला बघत, मी मोबाइल टेबलावर जमा करून घ्यायची. मी म्हणायची, माझ्या तोंडाकडे बघा, कानात साठवा. हे वाक्य मी किती अभिमानाने म्हणायची ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

प्रणाली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा अठराची होती. बारीक, सावळी, लांब वेणी. वडील रेल्वेत ट्रॅकमन, दुर्ग लाइनवर. मूळचे नागपूरच्या बाजूचे. स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरमधून ती चालत यायची. वर्गात बाकीच्या मुली आपसांत हिंदीत बोलायच्या, आमच्या भागात मराठी मुलंही घराबाहेर मराठी बोलत नाहीत. ही कोणाशीच फारशी बोलायची नाही. विचारलं तर हसायची. फार गोड हसायची, आणि मान डोलवायची. मी तिला शहाणी समजले.

ती रोज माझ्यासमोर, पहिल्या रांगेत, अगदी मधोमध उभी राहायची. कोणी त्या जागेवर उभं राहिलं तर न बोलता नुसती जवळ जाऊन थांबायची, ती मुलगी आपोआप सरकायची. आणि मी पढंत सुरू केली की तिची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही. पापणी लवेना. बाकीच्या मुली खिडकीतून बघायच्या, एकमेकींना कोपराने ढोसायच्या. ही मात्र माझ्या ओठांवर डोळे लावून. मी तुकडा संपवला की ती तो जसाच्या तसा म्हणायची, बऱ्याचदा पहिल्याच वेळी. आवाज थोडा सपाट होता, पण मात्रा एक इकडची तिकडे नाही.

मला वाटायचं, ही श्रद्धा. पस्तिशीनंतर मास्तरकी करणाऱ्या माणसाला अशा डोळ्यांची भूक असते, खोटं कशाला बोलू? रोज तेच तेच शिकवून आपण गुळगुळीत झालेलो असतो, आणि अशात कोणी एक पोर आपल्याकडे असं बघते, जणू आपल्या तोंडातून पडणारं अक्षर चुकलं तर तिचा जीव जाईल. मी घरी येऊन दादाला सांगायची, यंदा एक मुलगी मिळाली. तो म्हणायचा, जरा दमानं घे, तू दर वर्षी हेच म्हणते. पण या वेळी ते खरंच होतं.

मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर. मोबाइलवर कथक शिकवणं म्हणजे फोनवरून स्वयंपाक वाढणं. आवाज तुटायचा, लय धावायची, कोणाचं नेटवर्क गेलं की ती मुलगी हात वर केलेल्या अवस्थेत गोठून जायची. मुली कंटाळल्या, एकेक करून गळाल्या. प्रणाली टिकली. उलट त्या वर्षी तिची तयारी सगळ्यांत चांगली झाली. आवाज पूर्ण बंद झाला तरी तिचं अडायचं नाही. एकदा माझा माइकच बंद राहिला होता आणि मी पाच मिनिटं पढंत करत होते. बाकीच्या हात हलवून खुणावत होत्या, ऐकू येत नाही म्हणून. ही मात्र आपल्या चौकोनात ताल धरून बोल म्हणत होती. मी कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, एकाग्रता याला म्हणतात. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी स्वतःच होते.

दुसऱ्या लाटेत दादा गेला. चार दिवस ताप, मग हॉस्पिटल, मग फोन. त्याला शेवटचं बघता आलं नाही, प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी दुरून दाखवलं. मी त्या दिवसापासून मास्क लावला तो लावलाच. लोकांचे हळूहळू हनुवटीवर आले, मग खिशात गेले. माझा मात्र पक्का, दोन पदरी, वरून कपड्याचा. दुःखाने माणूस मऊ होतो असं म्हणतात. मी तर खाष्ट झाले. कोणाचं हसणं सहन व्हायचं नाही. घरी बसवत नव्हतं म्हणून कॉलेज उघडायची वाट बघत होते, आणि उघडलं तेव्हा मुलींवर डाफरायला लागले.

कॉलेज उघडलं ते प्रणालीचं तिसरं, शेवटचं वर्ष होतं. थंडी सरत आली होती. कॉलनीच्या रस्त्यांवर शेवग्याला फुलं लागलेली. पहिल्याच दिवशी ती आपल्या जागेवर येऊन उभी राहिली, माझ्यासमोर. मी मास्कमधूनच पढंत सुरू केली. ती बघत राहिली. मी थांबले, तिने सुरुवात केली आणि तिसऱ्याच बोलाला अडली. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा अडली. मला वाटलं, सवय गेली, होईल.

झालं नाही. नाचताना ती सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे पडायला लागली. नीट बघितलं तेव्हा कळलं, ती शेजारच्या मुलीचे पाय बघून नाचते आहे. माझ्या वर्गात याहून मोठा गुन्हा नव्हता. मी तिला विचारलं, कावून पाहतं दुसऱ्याचे पाय? ती हसली. तेच ते गोड हसू. दुःखाने पोळलेल्या माणसासमोर असं हसू नये, पण तिला दुसरं काही येतच नव्हतं. मी तिला रांगेतून काढून एकटीला पुढे उभं केलं, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. परीक्षेच्या आधीचा महिनाभर चुकणाऱ्या मुलीला असं उभं करायची माझी जुनी पद्धत. गुरूकडे बघितल्याशिवाय नाचता आलं पाहिजे, परीक्षेत गुरू मदतीला नसतो. कित्येक मुली या भिंतीने सुधारल्या होत्या. ही महिनाभर त्या भिंतीसमोर रोज चुकत राहिली. रडली नाही, तक्रार केली नाही.

एकदा तिने मला घाबरत घाबरत विचारलं होतं, मॅडम, बोल कागदावर लिहून द्याल का? मी म्हटलं, माह्या गुरूनं मले कधी कागद दिला नाही. तिला ऐकू आलं असेल का, कोण जाणे. माझे डोळे मात्र तिने वाचले असतील.

प्रॅक्टिकलच्या दिवशी कूलर चालू होता. खसचा वास हॉलभर. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर, सज्जन, तोंडाला निळा मास्क. तबल्यावर आमचे साहूजी. हे छत्तीसगढी गृहस्थ माझ्याइतकीच वर्षं कॉलेजात आहेत आणि बोटं दुखतात म्हणून हल्ली रोज सकाळी मोहरीचं तेल चोळून येतात. मी परीक्षकांच्या बाजूला खुर्चीवर, गुणपत्रिका घेऊन. नियमाने मला काही बोलता येत नाही. आपल्या मुलीला डोळ्याने इशारा करणाऱ्या शिक्षिकांबद्दल मी स्वतः वर्षानुवर्षं नाक मुरडत आले होते.

प्रणाली आली, नमस्कार केला. हिरवी ओढणी, घुंगरू घट्ट बांधलेले. परीक्षकांनी झपताल मागितला, दहा मात्रांचा. तिने हसून मान डोलवली आणि सोळा मात्रांचा तीनताल सुरू केला. साहूजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तबला तिच्याबरोबर वळवला. परीक्षकांनी हात वर करून थांबवलं, पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नव्हे, मास्कवर, जिथे तोंड असतं तिथे. मला ते बघणं आजही तसंच्या तसं दिसतं. मी मान खाली घालून गुणपत्रिकेवर तिचं नाव पुन्हा एकदा वाचायला लागले.

ती नाचली. तिला जे येत होतं ते नाचली. अंग सुरेख, हात सुरेख, चक्कर स्वच्छ. फक्त ते सगळं तबल्यापासून दूर, आपल्याच कोणत्यातरी गावात चाललं होतं. सम आली की ती हवेत असायची, ती उतरायची तेव्हा सम निघून गेलेली. परीक्षकांनी पासापुरते गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

आठवडाभराने ती मला कॉलेजच्या पाण्याच्या टाकीजवळ भेटली. हातात एम.ए.चा फॉर्म होता. तिला पुढे नृत्यच शिकायचं होतं, दुसऱ्या गावच्या विद्यापीठात, आणि फॉर्मवर विभागप्रमुखाचा शेरा लागतो, म्हणजे माझा. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, मॅडमनं लिहून दिलं तर जा. एवढ्यावर सगळं अडलं होतं. तिने फॉर्म पुढे केला आणि माझ्याकडे, तशीच, बघत उभी राहिली.

मला वाटलं, स्पष्ट सांगणं हीच माया. उगाच पोरीची दोन वर्षं आणि बापाची पुंजी कशाला वाया घालवायची. शब्द अर्धवट ऐकून तिने पुन्हा हसून मान डोलवू नये, म्हणून मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं, आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

"तुह्यात लय नाही, प्रणाली," मी म्हटलं. "ती शिकवून येत नाही. आता नाच सोड, दुसरं काही कर."

तिने एकेक शब्द घेतला. मान डोलवली, पण या वेळी हसली नाही. वाकून माझ्या पायांना हात लावला, फॉर्मची चौपदरी घडी केली आणि गेली. मी मास्क वर घेतला. त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

पुढचा मार्च आला तेव्हा मास्क गेले होते. माझाही गेला होता. हॉलमध्ये कूलर नुकताच भरलेला, आणि साहूजी हातोडीने तबला सुरात आणत होते. ते सहज म्हणाले, मागच्या वर्षीची ती बारकी पोरगी यंदा असती तर पहिली आली असती. मी विचारलं, का बरं? ते म्हणाले, आता सगळ्यांची तोंडं दिसतात ना.

मला काही उमगलं नाही. तेव्हा ते थांबले, हातोडी खाली ठेवली. "ओ नोनी ला कम सुनाथे, मैडम," ते म्हणाले. "आप ला पता नइ रिहिस?"

त्या पोरीला कमी ऐकू येतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं? साहूजींना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ती वर्गाच्या आधी अर्धा तास यायची आणि ते डग्गा लावत असताना त्याच्या अंगावर तळहात ठेवून बसायची. त्यांनी एकदाच विचारलं आणि तिने सांगून टाकलं. ते मला का बोलले नाहीत, तर त्यांची खात्री होती की मला माहीत आहे. नाहीतर मॅडम रोज तिला मधोमध, समोर, का उभी करतील? भिंतीकडे उभं केलं तेव्हाही त्यांना वाटलं, मॅडम तिला न बघता नाचायची सवय लावत आहेत. ते म्हणाले, मी घरी बायकोला सांगायचो, आमच्या मॅडम देवमाणूस आहेत.

त्या दिवशी मी पाच मुलींची परीक्षा घेतली, कोण काय नाचलं ते मला आठवत नाही. आमच्यात म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. नाच शिकणाऱ्या प्रत्येकाला ती एकदा तरी ऐकवली जाते, मीही हजारदा ऐकवली असेल. त्या मुलीने अंगणाला कधीच नावं ठेवली नाहीत. अंगण मात्र खरोखर वाकडं होतं, आणि ते मी होते.

लगेच उठून तिच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही. तीन मोसम गेले नाही. आधी लाज होती, मग कारणं सापडली, ती आता संसाराला लागली असेल, जुन्या जखमा कशाला उकरा. वर्गात मात्र मी नव्या मुलींना आल्या आल्या विचारते, कोणाला ऐकण्याचा, दिसण्याचा, पायाचा काही त्रास आहे का, मला एकटीला येऊन सांगा. बोल कागदावर लिहूनही देते. माझ्याच हस्ताक्षरात. गुरुजी वर बसून रागावत असतील तर रागावोत.

यंदा खसवाला आला आणि चहा तसाच राहिला, त्याच संध्याकाळी मी दुर्गला गेले. स्टेशनामागे रेल्वेची ती पिवळी क्वार्टर्स अजून तशीच आहेत. प्रत्येक दारात कूलर काढून धुवायला ठेवलेला. प्रणालीच्या आईने मला लगेच ओळखलं. आत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी विचारायच्या आधीच सांगत सुटली. लहानपणी तापात पोरीचे कान फुटले. डावा तर गेलाच, उजवाही हळूहळू मंद होत गेला. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाहेर बोलायचं नाही.

"पोरीची जात जी, मॅडम," ती म्हणाली. "कोणाले सांगतलं असतं तं तिले कोण पाह्यलं असतं? आमीच तिले शिकवलं, समजलं नाही का हसत जाय."

मला ते हसू आठवलं. कितीदा मी त्या हसण्यावर चिडले होते.

प्रणाली मागच्या खोलीत साड्यांना फॉल लावत होती. कानात आता एक लहानसं यंत्र होतं. मला बघून उठली, पदर सारखा केला, वाकून पायांना हात लावला, तसाच जसा टाकीजवळ लावला होता. मी तिच्यासमोर बसले, उजेडाकडे तोंड करून, आणि वाटेत ठरवलेलं सगळं सांगायला लागले. मले माहीत नव्हतं. मी तुले भिंतीकडं उभं केलं. मास्क होता, माझा भाऊ गेला होता, मी भ्याले होते. तुह्यात लय नाही म्हणाली ते खोटं होतं, मी चुकली. बोलताना माझा आवाज फुटत होता, पण आवाजाचं तिला काय. ती माझ्या ओठांकडे बघत होती. तेच डोळे.

मी थांबले तेव्हा ती थोडा वेळ साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "त्या अख्ख्या वर्षात तुमचं तेवढं एकच बोलणं मले बराबर समजलं होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती मला दिलासा देत होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मॅडमने आपल्यासाठी मास्क खाली केला होता, एवढं तिने जपून ठेवलं होतं.

मी म्हटलं, पुन्हा सुरू करू, मी येईन, इथे येऊन शिकवीन. ती म्हणाली, आता नाही होत. फॉर्मचं मी विचारलं नाही. आईने चहा आणला. बाहेर एक मालगाडी जात होती, कपाटातली भांडी हलली. प्रणालीने सवयीने पाय जमिनीला टेकवले आणि गाडी जाईपर्यंत तशीच बसून राहिली.

मग तिनेच म्हटलं, मॅडम, तो तुकडा म्हणता का, पहिल्या वर्षाचा? मी म्हटला. मोठ्याने नाही, सावकाश, प्रत्येक बोलाला तोंड नीट उघडून. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तिने मांडीवर हाताने ताल धरला. एक टाळी, दुसरी टाळी, मग रिकामी मात्रा, तिथे तिने तळहात उलटा केला. मी शेवटाकडे आले आणि तिची टाळी समेवर पडली, माझ्याबरोबर, केसाचाही फरक नाही.

मी तिच्या पायांकडे बघत होते. पाय साडीखाली जिथे होते तिथेच होते.